हिमप्रदेशातील कोल्हा
आपल्या माळरानावरील खोकडाचा एक भाऊबंद उत्तर ध्रुवाभोवतीच्या वृक्षहीन टुंड्रा प्रदेशात राहतो. तेथील हिवाळ्यात पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो. तरीही जेमतेम तीन-चार किलो वजनाचा हा ध्रुवीय कोल्हा शीतनिद्रा घेत नाही. तो तगतो कसा, हे आपण पाहू.

हिवाळ्यात त्याची पांढरी फर अतिशय दाट होते. कान व मुस्कट आखूड असल्याने उष्णता फारशी बाहेर जात नाही. पायांकडे जाणारे उष्ण रक्त तेथून परतणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच ऊब देते. तळव्यांवरही केस असतात. निजताना तो झुपकेदार शेपटी तोंडावर ओढून घेतो. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी हे त्याचे मुख्य अन्न. उन्हाळ्यातील उरलेली शिकार तो पुरून ठेवतो, तर हिवाळ्यात पांढऱ्या अस्वलाच्या मागे जाऊन त्याचे उष्टे खातो.

जे थंडीला जमले नाही, ते मात्र मनुष्याच्या लोभाने केले. फरसाठी झालेल्या शिकारीमुळे स्कँडिनेव्हियात तो जवळजवळ नाहीसा झाला. स्वीडनने १९२८ साली त्याला संरक्षण दिले, तरी पुढील कित्येक दशके त्याची संख्या सावरली नाही. आता हवामान तापत असल्याने आकाराने मोठा तांबडा कोल्हा उत्तरेकडे सरकून त्याची बिळे बळकावतो आहे. थंडी सोसण्यास तो समर्थ आहे. वाढती उष्णता रोखणे आपले कर्तव्य आहे.