खेळण्यातल्या गॅरेजची लिफ्ट

मोटारी धुण्याच्या सर्व्हिसिंग सेंटरवर उंच उचललेली गाडी तुम्ही पाहिली असेल. जमिनीतून वर आलेला एक जाडजूड, चकचकीत खांब, त्यावर लोखंडी चौकट आणि चौकटीवर फेसाने माखलेली गाडी. तेथील कारागीर याला ‘रॅम्प’ म्हणतात. मोठ्या गॅरेजात दोन खांबांमध्ये चार लोखंडी हातांवर गाडी तोललेली असते. पुण्यातील मुले दिवाळीत अंगणात किल्ले करतात, गणपतीत हलते देखावे उभारतात. त्याच हातांनी एखादे छोटे गॅरेज करायला घेतले की पहिली अडचण येते ती या लिफ्टची. ती विकत आणावी की घरी करावी? घरी नक्की करता येते. मात्र खऱ्या लिफ्टचा प्रत्येक भाग प्रमाणात लहान केला की झाले, असे समजू नका. तशी लिफ्ट दिसेल छान, पण गाडी पुरेशी वर जाणार नाही. असे का, ते पाहू या.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कालचा नियम तुम्ही शिकला आहात. या नियमावर चालणारा दाबयंत्राचा पहिला उपयोगी नमुना जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये केला. मोटार उचलण्यासाठी हा नियम वापरण्याचे श्रेय अमेरिकेतील मेम्फिस शहराच्या पीटर लुनाटी यांना देतात. केशकर्तनालयातील वरखाली होणारी खुर्ची पाहून त्यांना १९२० नंतरच्या दशकात ही कल्पना सुचली, असे सांगतात.

आता थोडा हिशेब करू. समजा, रॅम्पच्या खांबाचा व्यास २५ सेंटिमीटर आहे. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर झाले. गाडी आणि चौकट मिळून १,००० किलोग्रॅम भार धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला दाब लागतो जेमतेम २ किलोग्रॅम. मोटारीच्या टायरमध्ये साधारण एवढाच दाब असतो! म्हणूनच कॉम्प्रेसरच्या हवेने तेल ढकलूनही असे रॅम्प चालवता येतात. खऱ्या लिफ्टचा प्रश्न आहे तो जोराचा. थोड्या जोरात पुष्कळ वजन उचलायचे, म्हणून तिचा दट्ट्या मोठा ठेवतात.

गॅरेजसाठी आपण १:४३ हे प्रमाण घेऊ. खेळण्यातील मोटारींसाठी ते रूढ आहे. (लघुरेल्वेच्या छंदात १:८७ हे प्रमाण अधिक चालते. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. प्रमाण सांभाळले की छोट्या वस्तूंचे जग किती खरे वाटते, हे तेथे कळते.) मारुती ८०० ही गाडी ३,३३५ मिलिमीटर लांब आणि १,४४० मिलिमीटर रुंद होती. १:४३ मध्ये ती सुमारे ७८ मिलिमीटर लांब आणि साडेतेहतीस मिलिमीटर रुंद होईल. खरी लिफ्ट गाडीला १८० सेंटिमीटर वर नेते, तर आपली ४.२ सेंटिमीटर नेईल. आणि वजन? येथेच सारी गंमत आहे. लांबी ४३ पटींनी घटली, तर घनफळ ४३ × ४३ × ४३, म्हणजे ७९,५०७ पटींनी घटते. गाडी ६५० किलोग्रॅमची धरली, तर प्रतिकृतीचे वजन अवघे ८ ग्रॅम भरायला हवे.

तुमच्याकडील धातूची छोटी मोटार काट्यावर ठेवून पाहा. ती यापेक्षा कितीतरी जड भरेल. खऱ्या गाडीचा पत्रा मिलिमीटरहूनही पातळ असतो. तो ४३ पटींनी पातळ केला, तर वहीच्या कागदापेक्षाही तलम होईल. असा पत्रा ओतणार कोण? म्हणून खेळण्याची जाडी प्रमाणात घटवलेली नसते. तरीही १०० ग्रॅमची गाडी काय किंवा २०० ग्रॅमची काय, आपल्या बोटाला ती क्षुल्लकच. म्हणजे जोराचा प्रश्न येथे उरतच नाही. उंची मात्र ४३ पटींनीच कमी झाली आहे. ती गाठण्यासाठी दट्ट्याने पुरेसे सरकले पाहिजे. खऱ्या गॅरेजात जोर कमी पडतो, तर आपल्या गॅरेजात अंतर कमी पडते. म्हणून मांडणी उलटी करायची.

औषधांच्या दुकानातून ५ आणि २० मिलिलिटरच्या दोन कोऱ्या सिरिंजा, सुईशिवाय, आणा. दवाखान्यातील वापरलेल्या सिरिंजांना हात लावू नका. माशांच्या टाकीत हवा सोडण्याची नळी त्यांच्या तोंडावर घट्ट बसते. पुस्तकात दाखवतात त्याप्रमाणे लहान सिरिंज दाबून मोठी उचलायची म्हटली, तर काय होईल? आतील व्यास १२ आणि २० मिलिमीटर धरा. लहान दट्ट्या पूर्ण ४.४ सेंटिमीटर दाबला, तरी मोठा जेमतेम १.६ सेंटिमीटर वर येतो. जोर पावणेतीन पट मिळाला, पण गाडी हव्या त्या उंचीच्या निम्म्यापर्यंतही उचलली गेली नाही. आता मोठी सिरिंज हातात घ्या आणि लहान सिरिंजवर गाडी ठेवा. मोठा दट्ट्या १.६ सेंटिमीटर दाबताच लहान दट्ट्या ४.४ सेंटिमीटर वर येतो. आपल्याला हवी होती ४.२ सेंटिमीटर उंची. जोर पावणेतीन पट जास्त लावावा लागेल, तेवढेच. तुमच्या सिरिंजांचे व्यास पट्टीने मोजून हाच हिशेब पुन्हा करा.

बुटाच्या खोक्याच्या झाकणाला भोक पाडून लहान सिरिंज त्यात उभी, दट्ट्या वर करून, पक्की बसवा. खऱ्या एकखांबी रॅम्पखालीही असाच खोल खड्डा असतो. दट्ट्याच्या माथ्यावर प्लायवुडची पट्टी चिकटवा. सिरिंज गोल असल्याने पट्टी गरगर फिरेल. म्हणून पट्टीला खाली सायकलचा एक स्पोक जोडा आणि तो झाकणातील दुसऱ्या भोकातून वरखाली जाऊ द्या. सिरिंजा व नळी पाण्याच्या बादलीत बुडवूनच जोडा. आत हवेचा बुडबुडा राहिला, तर तुम्ही दाबाल तेव्हा आधी तोच दबेल, आणि गाडी थबकून मग एकदम उसळेल. लिफ्ट तरीही अडखळली, तर दोष रबराच्या घर्षणाचा. येथे घर्षण गाडीच्या वजनाहूनही जास्त असू शकते. रबराला ग्लिसरीनचा एक थेंब लावा. खनिज तेल नको, त्याने रबर फुगू शकते.

दोन खांबांच्या लिफ्टसाठी दोन लहान सिरिंजा एकाच नळीला जोडून पाहा. ज्या बाजूचे घर्षण कमी, ती बाजू आधी वर जाते आणि गाडी कलंडते. पास्कालचा नियम चुकला नाही. दाब दोन्हीकडे सारखाच आहे, अडथळा सारखा नाही. खऱ्या दोनखांबी लिफ्टमध्ये यासाठी तारेचे दोर असतात. दोर डाव्या सरकत्या भागापासून वर जातो, खांबाच्या माथ्यावरील कप्पीवरून पलीकडे, तेथून उजव्या खांबाच्या तळाशी, आणि कप्पीखालून वळून उजव्या भागाला येऊन मिळतो. यामुळे उजवा भाग डाव्याच्या पुढे जाऊ शकत नाही. दुसरा दोर याच्या उलट बाजूने. बारीक नायलॉनचा दोरा आणि चार मणी घेऊन हे करता येते. चिकाटी मात्र हवी.

एक गोष्ट विसरू नका. दोनखांबी लिफ्टवर गाडी चढली, की शहाणा कारागीर ती लोखंडी दात्यांच्या खटक्यावर टेकवतो आणि मगच खाली शिरतो. तेलाची नळी फुटली, तरी गाडी खटक्यावर राहते. तुमच्या लिफ्टलाही टाचणीचा असा खटका करा आणि मग नळी सोडवून पाहा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे का धोक्याचे, हे त्यावरून कळेल.

तयार लिफ्ट घ्यायची असेल, तर गाडी सोबत नेऊन पाहा. १:१८, १:२४, १:६४ अशा वेगवेगळ्या मापांच्या लिफ्ट मिळतात आणि ‘कोणत्याही गाडीला चालते’ हे आश्वासन क्वचितच खरे असते. हात दोन्ही चाकांच्या मधल्या भागाखाली पोहोचतात का, ते तपासा. पुष्कळशा लिफ्ट नुसत्या मांडून ठेवण्याच्या असतात; ज्या हलतात त्यांतही बहुधा स्क्रू किंवा छोटी मोटर असते, द्रव नसतो. देखाव्यासाठी अशी लिफ्ट उत्तम. विज्ञान प्रदर्शनासाठी मात्र पैसे खर्च करायचे, तर ते बोहरी आळीत स्क्रू, तार आणि कप्प्यांवर करा.