ऋण म्हणजे उणेपणा नव्हे : पूर्णांक संख्यांचे अध्यापन व मूल्यमापन

इयत्ता सहावीत पूर्णांक संख्या भेटतात आणि अनेक मुलांच्या मनात गणिताची भीती तेथूनच शिरते. तीन बोटांवर मोजता येतात. उणे तीन कशावर मोजावेत? या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतिहासात आणि आपल्या बीड जिल्ह्याच्या जगण्यात शोधतो.

चीनमध्ये लिऊ हुई याने इ. स. 263 मध्ये धन संख्यांसाठी तांबड्या व ऋण संख्यांसाठी काळ्या काड्या सांगितल्या. ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात धन, ऋण व शून्य यांच्या क्रियांचे नियम दिले. युरोपातील काही गणिती मात्र अठराव्या शतकातही ऋण संख्या मानण्यास कचरत होते. जे पंडितांना इतके अवघड गेले, ते एका तासिकेत समजले नाही म्हणून मुलाला 'ढ' ठरविण्याचा अधिकार कोणासही नाही.

ऋण म्हणजे कर्ज, हा अर्थ ऊसतोड कुटुंबातील मुलास सांगावा लागत नाही. 50,000 रुपये उचल घेतली आणि 38,000 रुपयांचे काम झाले, तर (−50,000) + 38,000 = −12,000 एवढी बाकी अंगावर राहते. त्यातील 5,000 रुपये माफ झाले, तर (−12,000) − (−5,000) = −7,000. कर्ज वजा होणे म्हणजे मिळकतच, हे येथे उमगते. मात्र हे आकडे नेहमी कल्पित असावेत. मुलाच्या घरची बाकी वर्गात विचारू नये. ऋण हे खात्याचे चिन्ह आहे, माणसाचे नव्हे.

लहानमोठेपणासाठी आम्ही विहीर घेतो. जमीन शून्य मानली, तर पाणी −12 मीटरवरून −9 मीटरवर येणे म्हणजे वाढणे. म्हणून −9 ही −12 पेक्षा मोठी संख्या.

इतिहासाच्या तासिकेतही पूर्णांक येतात. कलिंगयुद्धाचे वर्ष सर्वसाधारणपणे इ. स. पू. 261 मानतात, बाबासाहेबांची धम्मदीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची. संख्यारेषेवर 1956 − (−261) = 2217 येतात; परंतु कालगणनेत शून्य वर्ष नसल्याने अंतर 2216 वर्षांचे आहे. हा एक वर्षाचा फरक शोधताना शून्याचे स्थान मुलांच्या कायमचे लक्षात राहते.

आकारिक मूल्यमापनात केवळ उत्तरावर बरोबर-चूक अशी खूण करणे पुरेसे नाही. −3 − 5 = 8 असे लिहिणारा मुलगा आळशी नसतो; 'उणे उणे अधिक' हा गुणाकाराचा नियम त्याने बेरजेस लावलेला असतो. म्हणून एकच उदाहरण आम्ही तीन रीतींनी तपासतो: चिन्हांत सोडविणे, संख्यारेषेवर दाखविणे आणि त्यावर स्वतःचा प्रसंग रचून तोंडी सांगणे. चिन्हांत जमले पण प्रसंग रचता आला नाही, तर नियम पाठ आहे, आकलन व्हावयाचे आहे, असे समजावे. −7 आणि −3 यांत मोठी संख्या कोणती, हा छोटा प्रश्नही बरेच काही सांगून जातो.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत मुलांना किराणा, उचल, बाकी यांचा हिशेब मांडावयास लावावा. चुकल्यास रागावू नये. 'असे का केलेस?' एवढेच विचारावे. बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ सिद्ध केला. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या मुलांनी, कोणी सांगितलेल्या बाकीवर नुसती मान न डोलावता ती स्वतः काढून पाहावी, यासाठीच हा पाठ आहे.