स्लॅबला भोक पाडण्याआधी…



आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर पाण्याचा पाइप न्यायचा होता. प्लंबर म्हणाला, "सर, दहा मिनिटांत ब्रेकरने भोक पाडतो." मी त्याला थांबवलं. खाली दुसरीचा वर्ग भरतो आणि आमचा स्लॅब कंपोझिट आहे.

कंपोझिट स्लॅब म्हणजे काय?
लोखंडी तुळयांवर पन्हळी पत्रा (डेक शीट) अंथरतात. त्यावर सळयांची जाळी टाकून काँक्रीट ओततात. सेंट्रिंगच्या फळ्या नंतर काढतात, हा पत्रा मात्र कायम राहतो. स्लॅबवर वजन आलं की दोन तुळयांच्या मध्ये वरच्या बाजूला दाब आणि खालच्या बाजूला ताण येतो. काँक्रीट दाब सोसतं, पण ताणाला कच्चं असतं. तो ताण पत्रा घेतो. म्हणजे पत्रा कापणं हे खालच्या सळया कापण्यासारखंच!

कृती : वर्गात करून पाहा
साहित्य : खोक्याचा पन्हळी पुठ्ठा, वह्यांचे दोन गठ्ठे, कंपासपेटी.
1. 30 सेंमी लांब, 10 सेंमी रुंद अशा तीन पट्ट्या कापा. पन्हळी लांबीच्या दिशेने हव्यात.
2. पहिली पट्टी तशीच ठेवा. दुसरीच्या मधोमध पन्हळींना आडवी 5 सेंमी चीर द्या. तिसरीला तेवढीच चीर पन्हळींच्या दिशेने द्या.
3. प्रत्येक पट्टी गठ्ठ्यांवर टेकवून मधोमध कंपासपेटी ठेवा.

दुसरी पट्टी जास्त वाकेल. जितक्या पन्हळी तुटतात, तितका भार शेजारच्या पन्हळींवर जातो.

लक्षात ठेवा
- साधारणपणे 300 मिमीपर्यंतच्या एकट्या भोकाला सहसा जादा सळया लागत नाहीत. 300 ते 700 मिमीला भोकाभोवती जादा सळया लागतात. त्याहून मोठ्याला लोखंडी तुळयांची चौकट लागते.
- पन्हळींना आडवी, जवळजवळ पाडलेली भोकं एकच मोठं भोक समजावीत.
- तुळईच्या वरचं काँक्रीट तुळईला साथ देतं, तिथे भोक टाळावं.
- ब्रेकरच्या हादऱ्यांनी पत्रा आणि काँक्रीटची पकड सुटू शकते. कोअर कटिंग बरं.

आणि भोक लहान असो वा मोठं, आधी इंजिनिअरला विचारा. आम्ही विचारलं. त्यांनी जागा थोडी सरकवून दिली, एवढंच!

मुलांना विचारा : तिसरी पट्टी कमी का वाकली?