बोअरचं पाणी आरशासारखं असलं तरी…

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि मला झोपच येईना. "ताई, आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी आरशासारखं आहे, टीडीएससुद्धा कमी," असं किती खुशीत सांगत होतीस! पण राणी, ते टीडीएसचं यंत्र पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं. जंतू त्याला दिसत नाहीत.

आमच्या धाकट्याला जुलाब झाले तेव्हा मीही बाहेरच्या खाण्यालाच बोल लावला होता. महिन्याभरात पुन्हा झाले, तेव्हा कुठे पाणी तपासायला दिलं. ई-कोलाय निघाले. म्हणजे मैल्यातले जंतू गं! पिण्याच्या पाण्यात 100 मिलीत एकसुद्धा चालत नाही. आमच्या बोअरपासून सेप्टिक टँक किती लांब आहे, हे इतक्या वर्षांत मी कुणाला विचारलंच नव्हतं. ते अजून सलतं मला.

जमिनीतून झिरपलं म्हणजे गाळून आलं, असं आपण धरून चालतो. मातीचा जाड थर असेल तर बरंचसं गाळलं जातंही. पण पुण्याखाली काळा पाषाण आहे आणि त्याला भेगा आहेत. फुटक्या ड्रेनेजचं पाणी भेगेत शिरलं की न गाळताच बोअरपर्यंत पोचू शकतं, पावसाळ्यात तर जास्तच.

जानेवारी 2025 आठव. सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव. जीबीएस या नसांच्या आजाराचे संशयित रुग्ण वाढत गेले, पुढे दोनशेच्या वर झाले. तेव्हा विहिरीच्या पाण्यावर संशय गेला आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय सापडला. या जंतूशी लढताना क्वचित कधी शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं. म्हणून सांगते, जुलाबानंतर आठ-पंधरा दिवसांत कुणाच्या पायांना मुंग्या आल्या, जिना चढताना पायातलं बळ गेलं, तर अशक्तपणा म्हणून घरी बसू नका. थेट दवाखाना गाठा.

आणि तुरटीवर विसंबू नकोस. तिनं गाळ बसतो, जंतू मरतात असं नाही. पाणी खळखळून उकळू दे, नंतर मिनिटभर तसंच उकळत ठेव, मग झाकून ठेव. काढायला लांब दांड्याचं ओगराळं घे, हात बुडवू नकोस. दात घासायलाही तेच पाणी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जंतूंच्या तपासणीचा अहवाल माग; संकोच करू नकोस, तुझ्या पोरीच्या पोटात जातं ते पाणी.

रविवारी मी येतेच आहे. तपासणीची बाटली घेऊन येते, दोघी मिळून नमुना भरू. तोवर लेकीच्या दप्तरातल्या बाटलीत उकळलेलंच पाणी दे हं.