नीरेचा डावा कालवा व साखरेचा धंदा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीवर पाऊस धो धो कोसळतो. परंतु पूर्वेस बारामती-इंदापूरकडे जावे, तो आभाळाकडे डोळे लावून बसणारी कोरडी जमीन लागते. एकीकडचे पाणी दुसरीकडे नेणे, हेच नीरा कालव्याचे मूळ प्रयोजन होय.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमधील असंख्य माणसे व गुरे प्राणास मुकली. त्यानंतर सरकारने कालव्याचे काम नेटाने चालविले. भोरजवळ भाटघर येथे, नीरेस मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर धरण बांधण्यात आले. त्यातील पाणी नदीच्या पात्रातूनच वीर येथील बंधाऱ्यापर्यंत येई व तेथून डाव्या कालव्यात शिरे. कालवा नदीहून उंच जागेवरून व मंद उताराने नेलेला असल्यामुळे, त्याच्या व नदीच्या मधील शेतांस पाणी उपसल्यावाचून मिळते. हा कालवा १८८५ साली वाहू लागला.

अवर्षणात ज्वारी-बाजरी वाचावी, हा त्याचा हेतू. परंतु पाऊस बरा झाला की कोरडवाहू शेतकरी पाणीपट्टी भरावयास नाखूष असे. बारमाही पाण्याचे मोल ओळखले ते ऊस लावणाऱ्यांनी. सासवडकडील माळी बागाईतदारांनी खंडाने जमिनी घेऊन उसाचे मळे केले. गावोगाव गुऱ्हाळे लागली, चरक फिरू लागले आणि बारामतीच्या पेठेत गुळाच्या ढेपा येऊ लागल्या.

पुढे भाटघर येथेच अधिक मोठे धरण बांधण्यात आले; ते १९२८ साली खुले झाले. फलटण-माळशिरसकडे जाणारा उजवा कालवाही निघाला. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली, तेव्हा गुळाच्या काहिलीशेजारी साखरेचे कारखाने उभे राहिले. माळीनगरचा कारखाना सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी काढला. वालचंदनगरचा शेठ वालचंद हिराचंद यांनी. वालचंदनगरास पुढे साखर कारखान्यांची यंत्रे तयार होऊ लागली व कालांतराने अवकाशयानांच्या अग्निबाणांचे भागही. दुष्काळासाठी काढलेल्या कालव्याने केवढी मजल मारली!

तथापि, या लाभाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. काळ्या जमिनीस गरजेपेक्षा अधिक पाणी दिले, तर ते खाली साठून भूगर्भातील पाण्याची पातळी वर चढते. त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागापर्यंत येतात. पाणी उन्हाने आटते, क्षार मागे राहतात आणि मळा खारवट होऊन ओसाड पडतो. नीरेच्या काठी असे पुष्कळ घडले. यावर उपाय म्हणून निचऱ्याचे चर खणण्यात आले. या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीच विश्वेश्वरय्या यांनी गटपद्धती सुचविली होती: गटातील ठरावीक भागातच ऊस व बाकीच्यात इतर पिके, म्हणजे पाणी अधिक गावांस पुरते व जमिनीसही विसावा मिळतो. १९३२ साली पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्रही निघाले.

पाण्याच्या अभावी जी जमीन उपाशी होती, तीच पाण्याच्या अतिरेकाने नासली. म्हणून कालवा खणणे हे अर्धेच काम. पाणी मापून वापरणे हे उरलेले अर्धे, आणि ते प्रत्येक पिढीने नव्याने करावयाचे असते.