‘या वयात वजनं नकोत, काकू’

पुण्यातल्या एका जिमने आमच्या आईकडून वर्षाची फी एकरकमी घेतली आणि महिनोन्‌महिने तिला नुसतं ट्रेडमिलवर चालवलं. ती जड वजनांकडे वळली की ट्रेनर म्हणायचा, "या वयात वजनं नकोत, काकू. गुडघे जातील." हातात एक किलोचे गुलाबी डंबेल, तेही शेवटपर्यंत तेच. या काकू घरी दहा किलोचं दळण जिना चढून आणतात का, हे त्याने कधी विचारलं नाही.

मग बाथरूमच्या उंबऱ्याशी तिचा तोल गेला आणि मनगट मोडलं.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्टबाईंनी तिला साध्या खुर्चीत बसवलं. "हातांची घडी घाला आणि उठा." आईने जोर केला, अर्ध्यावरून परत खाली बसली. दुसऱ्यांदाही तेच. रोज ट्रेडमिलवर घाम गाळणारी बाई! तिने माझ्याकडे पाहिलं. आपण पैसे कशाचे भरले होते, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाही कळलं.

चालण्याने दम वाढतो, मांड्यांची ताकद फारशी नाही. वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्येच ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी मारिया फियातारोने यांचा अभ्यास आला. बोस्टनमधल्या नव्वदीच्या अशक्त वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर अभ्यासात हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली. कण्याच्या हाडांची घनता सुधारली. स्नायू रक्तातली साखर खेचून घेतात, म्हणून मधुमेह्यांनाही याचा उपयोग. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सुचवते. ‘या वयात नको’ हे त्या ट्रेनरने कुठून आणलं?

आईची सुरुवात उंच स्टुलावरून उठण्याने झाली. मग खुर्ची, मग पाठीला पुस्तकांची सॅक. दर वेळचं वजन वहीत लिहायचं, म्हणजे ते वाढतंय की नाही ते दिसतं. श्वास रोखायचा नाही. स्नायू दुखले तर चालेल, सांध्यात कळ आली तर तिथेच थांबायचं. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. डाळी, दूध, अंडी पोटात जायला हवीत. झोपही हवी.

जिममध्ये पैसे भरण्याआधी ट्रेनरला एकच विचारा: मी उचलायचं वजन तीन महिन्यांत किती वाढवणार? उत्तर नसेल तर बाहेर पडा. वर्षाचं पॅकेज घेऊ नका, महिन्याचं घ्या. आम्ही आईच्या उरलेल्या महिन्यांचे पैसे मागितले तेव्हा जिमच्या मालकांनी पावतीवरचं ‘परतावा नाही’ दाखवलं आणि वर सुनावलं, "त्या घरी पडल्या, जिममध्ये नाही." पावती आणि जाहिरातीचा कागद जपून ठेवा, ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.