उंची खुंटेल का?

पालकहो, भरतीची तयारी सुरू झाली की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, वजनं उचलली तर पोराची उंची खुंटेल का?" पोलीस भरतीला मुलांना १६५ सेंटिमीटर आणि मुलींना १५५ लागतात, तेव्हा धास्ती समजते. पण जाणत्याच्या नजरेखाली, झेपेल एवढ्या वजनाने, नीट पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही, असं बालरोगतज्ज्ञ आता स्पष्ट सांगतात. गंमत म्हणजे हंगामात खळ्यावर चौदा वर्षांच्या पोराला गोणीला हात लावायला बोलावतो, तेव्हा उंचीची आठवण कुणालाच होत नाही!

मला काळजी वजनाची नाही, पोरं वाकतात कशी, टेकतात कशी याची आहे. घरीच करून पाहा. ओट्याच्या पायरीवरून, फूटभर उंचीवरून, मुलाला दोन्ही पायांवर उडी मारायला सांगा आणि समोर उभं राहून फक्त गुडघे बघा. टेकताना ते एकमेकांकडे झुकतात का? धप्पकन आवाज येतो का? कबड्डीत चढाईवरून माघारी फिरताना किंवा खो-खोत खुंटाला वळसा घालताना गुडघा असाच आत गेला, की एसीएल नावाचं लिगामेंट तुटण्याची भीती असते. वयात येणाऱ्या मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त दिसते. त्यामुळे "मुलीला कशाला हवा असला व्यायाम" हे वाक्य माझ्यासमोर तरी नको. तिला तो आधी हवा.

म्हणून आमच्याकडे पहिले काही आठवडे वजन नसतंच. मागे बाक ठेवायचा, त्यावर बसायला निघाल्यासारखे कुल्ले मागे न्यायचे, टाच जमिनीला, गुडघे बोटांच्या रेषेत. मग एका पायावर तोल. मग पाठ सरळ ठेवून कुल्ल्यातून वाकणं. हे जमलं की पाठीवर थोडी वाळू भरलेलं दप्तर. पोरांना कंटाळा येतो, तुम्हालाही वाटतं की सर काही शिकवतच नाहीत.

बाजार समितीतला मुरलेला हमाल बघा. गोणी अंगालगत घेतो, पाय फाकवून उभा राहतो आणि मांड्यांच्या जोरावर उठतो. (तरी त्याची कंबर दुखतेच, ते वेगळं दुखणं.) हाच पायांचा जोर खेळातही लागतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण घेऊन परतले. वल्हवणं हातांचं काम वाटतं, पण जोर आधी पाय देतात, मग पाठ, हात सर्वांत शेवटी.

फुटबॉलसाठी फिफाने '११+' नावाचा वीस मिनिटांचा सराव बनवला आहे : हलकं धावणं, ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, नीट टेकणं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर त्याची पडताळणी झाली, २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. त्याला मशीन लागत नाही, मैदान पुरतं.

आणखी एक. भरतीच्या सोळाशे मीटरसाठी पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी पळतात आणि अंतर एकदम वाढवतात. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखू लागलं, तर तो आळस समजू नका. उड्या आणि पळणं कमी करा. सूज, लंगडणं किंवा रात्रीचं दुखणं असेल, तर चोळणाऱ्याकडे नको, थेट हाडांच्या डॉक्टरकडे न्या.

आणि पोराला मैदानावर साडेपाचला सोडा. सहाला सोडलंत, तर '११+' सरावाची वीस मिनिटं हुकतात, आणि पोरं थेट खेळायला धावतात.